आठ पट्टे आणि तीन सरकारं

गावात त्यांना सगळे ठिपके म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं आणि तिथंही ते चुकीचं छापलेलं होतं. धंदा पाट्या रंगवण्याचा. पाटी पुरी झाली की उजव्या हाताला, अगदी खाली कोपऱ्यात, मसुरीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका द्यायचा, ही त्यांची तीस वर्षांची खोड. पाटीवर सही करणं त्यांना आगाऊपणाचं वाटे आणि काहीच न करता शिडी उतरणं जिवावर येई. मधला मार्ग म्हणून ठिपका. गिऱ्हाइकाला तो दिसत नसे. ठिपक्यांना रस्त्याच्या पलीकडूनही दिसे.

देशात सरकार तीन थरांचं असतं, केंद्राचं, राज्याचं आणि गावचं, हे शाळेतली पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ठिपक्यांना ते ब्रशातून कळलेलं, म्हणून विसरायची सोय नव्हती. केंद्राच्या कचेरीची पाटी म्हणजे कडक काम. अक्षरांचा नमुना टपालानं येणार, सोबत नेमक्या निळ्या रंगाचा कागदाचा तुकडा येणार, आणि बोधचिन्ह सूतभर इकडचं तिकडे झालेलं चालणार नाही. एकदा रंगवली की दहा वर्षं तिकडं बघायला नको. राज्याच्या पाटीत जरा सैलपणा. तिथं मंत्र्याचं नाव असे, आणि मंत्री हा टिकाऊ माल नव्हे. एका वर्षी राज्यातलं सरकार दोनदा पडलं, तेव्हा ठिपक्यांच्या स्वयंपाकघराला नवी फरशी बसली. त्या सगळ्या धामधुमीत केंद्राच्या पाटीवर ओरखडाही उठला नाही. राज्य कोसळलं तरी केंद्र हलत नाही आणि केंद्र बदललं तरी गावचा अध्यक्ष खुर्ची सोडत नाही; संघराज्य संघराज्य म्हणतात ते हेच असणार, असं त्यांनी तेव्हा शिडीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं. नगरपालिकेचं तर विचारूच नका. तिथं अध्यक्ष इतके भराभर बदलत की ठिपक्यांनी नावापुरती फळी वेगळी करून दोन स्क्रूंवर बसवली होती. जुनी काढायची, नवी लावायची. काढलेल्या फळ्या ते टाकून देत नसत. दोन अध्यक्ष फिरून परत आले होते.

थोडक्यात, लोकशाहीवर त्यांचं पोट होतं आणि लोकशाहीबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती बायकोचा हात मोडला तेव्हा.

बायको प्राथमिक शाळेत मदतनीस होती. वस्ती मोठ्या रस्त्याच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं. रोज सकाळी दहाला चाळीसेक पोरं रस्ता ओलांडून न्यायची आणि संध्याकाळी पाचला परत आणून सोडायची, हे तिचं मुख्य काम. हातात काठीला बांधलेला लाल झेंडा. झेंडा वर, एक पाय रस्त्यात, मग दुसरा, आणि गाड्या थांबल्या की मागून पोरांची माळ. पोरं तिला झेंडेबाई म्हणत. नवरा ठिपके, बायको झेंडे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी या जोडप्याला एक आडनाव काही लाभलं नाही.

एका मंगळवारी एक ट्रक थांबता थांबला नाही. झेंडेबाईला तो लागला नाही, पोरांना तर नाहीच; त्याच्या बाजूच्या आरशात झेंड्याची काठी तेवढी अडकली आणि काठीबरोबर मनगट फिरून ती डांबरावर आपटली. ट्रक झेंडा घेऊन गेला. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि सातव्या आठवड्याच्या सोमवारपासून कामावर जायला हरकत नाही असं सांगितलं.

"हरकत नाही म्हणजे? मी आहे ना हरकत घ्यायला," ठिपके म्हणाले. "सोडून दे ते काम."

"आणि पोरांना काय उचलून फेकायचं पलीकडं?"

"मास्तर नेतील."

"मास्तर स्वतः दोन वेळा बघून पळत रस्ता ओलांडतात. मी प्लास्टर निघालं की जाणार. तुम्हाला एवढा कळवळा असेल तर तिथं पांढरे पट्टे मारून घ्या. पट्टे असले की ट्रकवाला निदान शिव्या देत का होईना, पण थांबतो."

झेंडेबाई बोलली की विषय मिटे. ठिपक्यांनी मनाशी बोटं मोजली. सहा आठवडे. पट्टे किती? आठ. आठ पट्ट्यांचं काम त्यांच्या हाताला दोन तासांचं होतं. उरलेला वेळ परवानगीला. भरपूर झाला, असं त्यांना वाटलं. तीस वर्षं सरकारच्या दारावर काम केलेला माणूस. पण दाराच्या आत काय चालतं हे पाटी रंगवणाऱ्याला कुठून कळणार?

पहिल्यांदा ते नगरपालिकेत गेले. तिथला हेडक्लार्क शाळेत त्यांच्याच बाकावर बसायचा.

"काय रे ठिप्या, फळी बदलायला आलास? आमचा अजून पडला नाही."

"पाडायला नाही आलो. शाळेसमोर पट्टे पाहिजेत. झेब्राचे."

हेडक्लार्कनं चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ. शाळा आमची. पोरं आमची. शाळेसमोरचं गटार आमचं. गटाराची पलीकडची कड ओलांडलीस की आमची हद्द संपली. तो रस्ता महामार्ग आहे बाबा. केंद्राचा."

"मग पोरांनी गटारातून चालायचं का?"

"गटारातून गेली तर जबाबदारी शंभर टक्के आमची. लेखी देतो."

"मी स्वतः मारून देतो. रंग माझा, मेहनत माझी. तुम्ही फक्त हो म्हणा."

"दुसऱ्याच्या रस्त्याला मी हो कसा म्हणू? उद्या तू म्हणशील, शेजाऱ्याची भिंत रंगवतो, तू हो म्हण. जा, राज्याच्या बांधकाम कचेरीत विचार. तो तुकडा हल्ली त्यांच्याकडं आलाय असं ऐकतो."

"ऐकतोस? तू हेडक्लार्क आहेस ना?"

"म्हणून तर ऐकतो. शिपायाला माहीत असतं."

राज्याच्या बांधकाम कचेरीत अभियंता बाई होत्या. तरुण, चटपटीत, टेबलावर पिवळं हेल्मेट. त्यांनी ठिपक्यांचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "अरेरे" म्हणाल्या, आणि नकाशा उलगडला. गावाबाहेरून बाह्यवळण झालं तेव्हा महामार्ग तिकडून गेला आणि गावातला जुना तुकडा केंद्रानं राज्याला देऊन टाकला, असं त्यांनी बोट फिरवून दाखवलं.

"म्हणजे तुमचा झाला," ठिपके खुशीत म्हणाले.

"तत्त्वतः."

"मग पट्टेसुद्धा तत्त्वतः मारायचे का?"

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते हेल्मेटाखाली दाबल्यासारखं केलं. "काका, ताबा आलेला नाही. आणि ताबा आला तरी पट्टे हा वाहतुकीचा विषय. तो पोलिसांकडं जातो. पोलीस राज्याचेच, पण खातं वेगळं. त्यांचा होकार, मग आमचा खर्चाचा अंदाज, मग मंजुरी. पण मुळात ताबा पाहिजे. तुम्ही एकदा केंद्राच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन या."

केंद्राचं प्रकल्प कार्यालय दुसऱ्या गावी होतं, बसनं दोन तास. ठिपके खालीच थबकले, कारण दारावरची पाटी त्यांचीच होती. अकरा वर्षांपूर्वीची. निळा रंग जरासुद्धा उडाला नव्हता. धुळीखाली कोपऱ्यातला ठिपका दिसेना म्हणून त्यांनी रुमालानं कोपरा पुसला आणि मग जिना चढले.

वरचे साहेब इतके सभ्य होते की ठिपक्यांना धडकीच भरली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा वाढवला. मग म्हणाले, "त्याचं असं आहे, राज्यघटनेतच वाटणी करून दिलेली आहे. काही विषय केंद्राचे, काही राज्यांचे, काही दोघांचे, आणि काही राज्यांनी खालच्या संस्थांना दिलेले. आता तुमचा विषय..."

"माझा विषय बायकोचं मनगट आहे, साहेब."

"हो, हो, त्याबद्दल सहानुभूती आहेच. पण रस्त्याचं म्हणाल, तर तो तुकडा आम्ही राज्याला दिला. दिल्याचं पत्र इथं आहे. त्यांनी घेतल्याचं पत्र मात्र आलेलं नाही."

"म्हणजे तुम्ही दिला, पण त्यांनी घेतला नाही."

"अगदी बरोबर."

"मग आत्ता, या घटकेला, तो रस्ता कुणाचा आहे?"

साहेबांनी संगणकाकडं पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. "हस्तांतरणाधीन."

"म्हणजे?"

"म्हणजे... रस्ता आहे."

बाहेर पडताना बोळात एक तक्ता लावलेला दिसला. त्यावर झेब्राच्या पट्ट्यांचं चित्र, बाजूला मापं: रुंदी अर्धा मीटर, मधली जागा तेवढीच, लांबी तीन मीटर. खाली लिहिलं होतं, 'पादचाऱ्यांची सुरक्षा, आमची जबाबदारी'. ठिपक्यांनी बसच्या तिकिटाच्या पाठीवर ती मापं उतरवून घेतली. एवढ्या हेलपाट्यात हातात काही पडलं असेल तर तेवढंच.

घरी झेंडेबाई डाव्या हातानं भाजी चिरायच्या खटपटीत होती.

"काय म्हणाले?"

"रस्ता आहे म्हणाले."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं, पडले तेव्हा." तिनं विळी बाजूला सरकवली. "अहो, मग हे विचारायचं होतं ना, की हात मोडला तेव्हा तो कुणाच्या हद्दीत होता? पाय माझे गटाराच्या कडेवर होते. म्हणजे पाय नगरपालिकेचे. हात पुढं होता. म्हणजे हात हस्तांतरणाधीन."

ठिपक्यांना हसायला येईना. तोवर चार आठवडे सरले होते आणि अर्जाच्या तीन प्रती तीन कचेऱ्यांत आवक क्रमांक घेऊन निवांत पडल्या होत्या. नगरपालिकेनं त्यांचा अर्ज 'उचित कार्यवाहीसाठी' राज्याकडं पाठवला, राज्यानं केंद्राकडं आणि केंद्रानं, विषय स्थानिक असल्यामुळं, नगरपालिकेकडं. खोखोच्या मैदानात निदान कुणीतरी उठून धावतं.

पाचव्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, रविवारी सकाळी, उजाडता उजाडता, ठिपके सामान घेऊन निघाले. पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन डबे, सुतळी, खडू, चार इंची ब्रश. झेंडेबाईनं कुठं निघालात असं विचारलंसुद्धा नाही. तिनं नवा झेंडा उचलला, दाराजवळचं स्टूल उचललं आणि मागोमाग निघाली.

"तू कशाला?"

"तुम्ही ओणवे होऊन रंगवणार आणि मागून ट्रक येणार. तुमचं प्लास्टर कोण घालणार मग? माझा एकच हात मोकळा आहे."

रविवारची रहदारी तुरळक. ती रस्त्याच्या मध्यावर स्टूल टाकून राणीसारखी बसली, डाव्या हातात झेंडा आणि उजवा गळ्यात. सुतळीचं एक टोक तिनं पायाखाली धरलं. ठिपक्यांनी दुसरं टोक ताणून खडूनं रेघा मारल्या आणि पहिला पट्टा घातला.

"वाकडा जातोय."

"सरळ आहे."

"इथून वाकडा दिसतो."

"तू वाकडी बसलीयेस."

मधे एक दूधवाला मोटारसायकल थांबवून बघत राहिला. "परवानगी मिळाली का हो ठिपके?"

"कुणाची?" ठिपक्यांनी वर न बघता विचारलं. दूधवाल्यानं किटल्या सावरल्या. तो गेला.

साडेआठच्या आत आठ पट्टे झाले. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ पाट्या रंगवल्या, पण आडवं पडलेलं काम पहिल्यांदाच केलं होतं. वाळेपर्यंत दोघं कडेला उभी राहिली. झेंडेबाई म्हणाली, "चांगले झालेत." ती सहसा एवढं म्हणत नसे.

तीन दिवस अगदी गंमत होती. पट्टे बघून गाड्या आपसूक सावकाश होत. मास्तर चालत रस्ता ओलांडू लागले. पोरं फक्त पांढऱ्यावर पाय द्यायचा असा खेळ खेळत पलीकडं जात. ठिपके दहाला आणि पाचला उगीच तिकडून चक्कर मारून येत.

गुरुवारी पहिली नोटीस आली, नगरपालिकेची: 'नगरपालिका हद्दीतील रस्त्याचे विनापरवाना विद्रूपीकरण'. शुक्रवारी राज्याची: 'राज्य शासनाच्या ताब्यातील रस्त्यावर अनधिकृत रंगकाम'. सोमवारी केंद्राची, रजिस्टर टपालानं: 'महामार्गाच्या मालमत्तेस पोहोचविलेली हानी'. तिन्हींत मजकूर तोच, आठ दिवसांत रस्ता पूर्ववत करावा, अन्यथा कारवाई.

ठिपके तडक हेडक्लार्कच्या टेबलावर. "मी केलं हे कुणी सांगितलं तुला? दूधवाल्यानं?"

"दूधवाला कशाला सांगेल?" हेडक्लार्कनं नुसतं दाराकडं बोट केलं. दारावर नगरपालिकेची पाटी, आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात मसुरीएवढा पिवळा ठिपका. "आठव्या पट्ट्याला उजवीकडं खाली हाच आहे. राज्याच्या बाईंनी त्यांच्या दारावर बघितला. केंद्रवाल्यांनी तर आमच्या प्रतीला फोटोच जोडलाय, दोन्ही ठिपक्यांचा, शेजारी शेजारी. अरे, चोरी करताना कुणी सही करतं का?"

ठिपक्यांनी दाराकडं पुन्हा पाहिलं. आपण ठिपका दिला हे त्यांना आठवतही नव्हतं. काम संपलं की हात आपोआप पिवळ्या डबीकडं जाई, आणि ती डबी कायम खिशात. क्षणभर त्यांना स्वतःच्या हाताचाच राग आला. मग एक गोष्ट लक्षात आली आणि त्यांनी तिन्ही नोटिसा टेबलावर ओळीनं मांडल्या.

"हे वाच. तुझ्या नोटिशीत रस्ता तुमचा. हिच्यात राज्याचा. हिच्यात केंद्राचा. चार आठवडे चपला झिजवल्या तेव्हा एक मालक सापडेना, आता तीन सापडले. तुमचा आहे ना? मग उद्या पट्टे मारा."

हेडक्लार्कनं नोटिसा नीट वाचल्या. त्याला उत्तर शोधायला वेळ लागला, पण सापडलं. "विद्रूप करू न देण्यापुरता तो आमचा आहे. सुधारण्यापुरता नाही."

"हे तू शाळेत असताना बोलला असतास तर मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं."

"शाळेत मी बाकावरच असायचो. आठव." हेडक्लार्कचा आवाज जरा उतरला. "ठिप्या, मला काय वहिनींचं वाईट वाटत नाही? पण माझ्या सहीनं होणारं काम नाही हे. संयुक्त पाहणी लावतो. तिघं एका जागी आले तर काही निघेल."

पाहणी सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी झाली. तिघं खरंच आले. हेडक्लार्क गटारावरच्या फरशीवर उभा राहिला आणि तिथून हलला नाही. अभियंता बाई डांबराच्या कडेला. केंद्राचे सभ्य साहेब गाडीचं दार उघडं ठेवून गाडीपाशी. ठिपके आणि झेंडेबाई पट्ट्यांच्या टोकाला, आरोपीसारखे.

"पट्टे गरजेचे आहेत," साहेब म्हणाले.

"नक्कीच," बाई म्हणाल्या.

"आमची पोरं आहेत, आम्ही नाही कसं म्हणू?" हेडक्लार्क म्हणाला.

ठिपक्यांनी झेंडेबाईकडं पाहिलं. पण साहेबांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. पट्टे गरजेचे होते, परंतु हे पट्टे अनधिकृत होते. अधिकृत पट्ट्यांसाठी ताबा पूर्ण झाल्यावर प्रस्ताव करता येईल. तोपर्यंत हे पुसावेत. त्यावर मात्र तिघांचं एका मिनिटात एकमत झालं.

"मारायला रस्ता कुणाचा हे लागतं," ठिपके म्हणाले, "आणि पुसायला लागत नाही?"

"पुसणं म्हणजे पूर्वस्थिती," साहेब समजावून म्हणाले. "पूर्वस्थितीला मंजुरी लागत नाही."

"साहेब, पूर्वस्थितीत माझा हात मोडला," झेंडेबाई म्हणाली. तिनं गळ्यातलं प्लास्टर वर केलं. एक ट्रक आला, पट्टे बघून हळू झाला, सरकारी गाडी बघून आणखी हळू झाला, आणि गेला. तिघांनी तो जाताना पाहिला. मग बाईंनी वहीत लिहून घेतलं: संबंधितानं शनिवारी दुपारपर्यंत स्वखर्चानं पट्टे काळ्या रंगानं झाकावेत, तिन्ही कार्यालयांनी मिळून पूर्ततेचा एक दाखला करावा.

शुक्रवारी ठिपके कामाच्या खोलीत बराच वेळ नुसते बसले. समोर काळ्या ऑइल पेंटचा डबा. एक हात दिला की पट्टे गेले, दहा महिने तरी वर यायचे नाहीत. तीस वर्षं त्यांनी टिकणारं काम केलं होतं. न टिकणारं काम कसं होतं हे त्यामुळंच त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी डबा उचलला, झाकण उघडायला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डबा परत फळीवर ठेवला.

मग बादलीत काजळी घेतली. पाणी घातलं. डिंक, पण नावापुरता. तेलाच्या रंगावर पाण्याचा रंग ठरत नाही, थेंब थेंब होऊन सरकतो, म्हणून थोडं साबणाचं पाणी घातलं. साबण असला की तो बसल्यासारखा दिसतो. दिसतो.

झेंडेबाई दारात उभी होती. "हे कसलं कालवण?"

"सरकारी काम आहे. तू यात पडू नकोस."

शनिवारी सकाळी त्यांनी आठही पट्टे काळे केले. शिकाऊ माणसालाही लाज वाटावी असलं काम, पण दिसायला चोख. शेवटी छिन्नी घेऊन आठव्या पट्ट्याचा कोपरा खरवडला, ठिपका डांबरापर्यंत खणून काढला. तेवढं मात्र त्यांनी पक्कं केलं.

दुपारी तिघं आले. साहेबांनी गाडीतूनच मान डोलावली. हेडक्लार्कनं फरशीवरून वाकून बघितलं. अभियंता बाई मात्र चालत आल्या, उकिडव्या बसल्या आणि त्यांनी पट्ट्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. बाईंनी बोटाकडं पाहिलं, मग ठिपक्यांकडं. ठिपके विजेच्या खांबाकडं बघत होते.

"ओला आहे अजून," बाई म्हणाल्या. रुमाल काढून त्यांनी बोट पुसलं. "वाळेल." आणि दाखल्यावर सही केली. मग हेडक्लार्कनं केली. मग साहेबांनी, खिडकीतून हात बाहेर काढून.

"ठिप्या, इतिहास बघतोयस तू," हेडक्लार्क म्हणाला. "तीन सरकारं, एक कागद."

"मला एक प्रत द्या," ठिपके म्हणाले. "शिक्क्यांसकट."

प्रतीवर लिहिलं होतं: सदर रस्त्यावर कोणतेही पट्टे अस्तित्वात नाहीत. ठिपक्यांनी ती घडी घालून विजेच्या बिलाच्या फाईलमध्ये ठेवली. त्याच संध्याकाळी झेंडेबाईचं प्लास्टर निघालं. आतून निघालेलं मनगट बारीक आणि पांढरट होतं, जणू दुसऱ्याच कुणाचं.

सोमवारी सकाळी आठला नगरपालिकेचा पाण्याचा टँकर नेहमीसारखा गळत त्या रस्त्यानं गेला. साडेआठला राज्य परिवहनाच्या दोन बस एकामागून एक गेल्या आणि भिजलेलं त्यांनी घासून काढलं. नऊच्या सुमारास केंद्राची टपालगाडी आली आणि उरलंसुरलं चाकाला लावून घेऊन गेली. तीन थरांच्या सरकारांनी या रस्त्यावर मिळून केलेलं हे पहिलंच काम. दहाला झेंडेबाई पोरांची माळ घेऊन आली तेव्हा आठही पट्टे पांढरे झाले होते, कडांना तेवढी काजळी, डोळ्यांना लावल्यासारखी.

तिनं झेंडा उजव्या हातात घेतला. काठी पेलेना, तशी तिनं डाव्यात घेतला आणि एक पाय रस्त्यात टाकला. समोरून ट्रक येत होता. ठिपके अलीकडच्या कडेला उभे होते आणि त्यांच्या दोन्ही मुठी आवळलेल्या होत्या. ट्रक हळू झाला, आणखी हळू झाला, आणि पट्ट्यांच्या दोन हात अलीकडं थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून काहीतरी शिवी दिली. पोरं पांढऱ्यावर उड्या मारत गेली.

हेडक्लार्क स्कूटरवरून कचेरीला चालला होता. त्यानं ब्रेक मारला. "ठिप्या! हे काय आहे?"

"कुठं काय?"

"हे पट्टे!"

"कसले पट्टे? तुझी सही आहे, अस्तित्वात नाहीत म्हणून. काढ नोटीस आता. कशाबद्दल काढतोस?"

हेडक्लार्क स्कूटरवरून उतरला. आठव्या पट्ट्याच्या कोपऱ्याशी जाऊन वाकला, खरवडलेली जागा बघितली, आणि सरळ झाला. त्यानं चष्मा पुसला, स्कूटरला किक मारली आणि निघून गेला. जाताना पट्ट्यांवरून जरा हळू गेला.

झेंडेबाई पोरांना सोडून परत आली. "झालं ना तुमच्या मनासारखं?"

"कसलं झालं? ताबा अजून तिथंच आहे. प्रस्ताव फिरतोच आहे. हा रंग या रहदारीत दहा महिने टिकेल. मग पुन्हा बादली, पुन्हा तिघं, पुन्हा दाखला? जन्मभर हेच करायचं? दोन तासांच्या कामाला?" ते बराच वेळ बोलत राहिले. तिनं बोलू दिलं.

बोलता बोलता त्यांची नजर सारखी त्या उजव्या कोपऱ्याकडं जात होती. हात खिशात होता, पिवळ्या डबीवर. तीस वर्षांत किराणा दुकानं, लाँड्र्या, पडलेली मंत्रिमंडळं, सगळ्यांवर ठिपका दिला, आणि नेमकं हेच काम बिनठिपक्याचं ठेवायचं होतं.

"द्या की एक," झेंडेबाई म्हणाली. "बारीकसा."

"नको," ठिपके म्हणाले, आणि तिच्या हातातला झेंडा घेऊन घराकडं चालू लागले. काठी सैल झाली होती. पाचच्या आत नीट बांधायला हवी होती.